दुबईचं शिसं

सिताराम कोळ्याबद्दल लिहायचं तर आधी स्वतःबद्दल लिहावं लागतं, आणि तिथेच माझी गाडी अडते. दुसऱ्याची फजिती माणूस चवीने सांगतो. स्वतःची सांगायची वेळ आली की त्याला तहान लागते, चष्मा सापडत नाही, दार वाजल्यासारखं वाटतं. आज मी दोनदा उठून आलो. आता बसतो आणि सांगून टाकतो.

गोष्ट शहाण्णव-सत्त्याण्णवची. आमच्या कंपनीचं ऑफिस सीबीडी बेलापूरला होतं आणि मी तिथे खरेदी खात्यात होतो. टाचणीपासून पंपापर्यंत काहीही हवं असलं की 'आशुतोषला सांगा' म्हणायचे, आणि मला त्याचा फार अभिमान होता. सिताराम चहापाणी बघायचा. खाडीकाठच्या दिवाळे गावचा, ऑफिसला चालत यायचा. माझ्याहून दहा-बारा वर्षांनी मोठा, तरी मी त्याला 'अरे सिताराम' म्हणायचो आणि तो मला 'सायब' म्हणायचा. त्यात काही चुकतंय असं तेव्हा वाटलं नाही.

तो टेंपररी होता. वर्षात दोनशेचाळीस दिवस भरले तर माणसाला कायम करावं लागेल, या भीतीने कंपनी त्याला दिवस भरत आले की ब्रेक द्यायची. ब्रेक म्हणजे घरी बसायचं आणि मग नव्याने अर्ज करायचा. पाच वर्षं हेच चाललं होतं. "सायब, मी दर साली नवीन जन्मतो," तो म्हणायचा, आणि आम्ही हसायचो. आम्ही परमनंट होतो, आम्हाला हसायला काय जातंय!

त्याच्या बापाच्या हातची वल्ही सगळ्या दिवाळ्यात नावाजलेली होती. खाडीतली मासळी कमी झाली, जी मिळे तिला रॉकेलचा वास येऊ लागला, तेव्हा सितारामने होडी विकली. जाळं मात्र ठेवलं. "होडी परत घेता येते, जालं हाताचं असतं," असं त्याचं म्हणणं.

पण बापाची नजर त्याच्यात उतरली होती. माणूस उभा कसा राहतो, हात कुठे टेकतो, हे त्याला टेप न लावता दिसायचं. आमच्या टायपिस्ट गीतांजलीबाईंची मान धरायची. त्यांनी दोन खुर्च्या बदलल्या, मालिश करून घेतलं, एक उपासही धरला. सितारामने एक दिवस खोक्याची फळी आणून त्यांच्या पायाखाली सरकवली आणि म्हणाला, "खुर्ची उंच नाय, टेबल उंच नाय. तुमी उंच नाय." बाई आठवडाभर त्याच्याशी बोलल्या नाहीत, पण मान दुखायची थांबली.

आता आमचे जनरल मॅनेजर नंदकिशोर सबनीस. सहा फूट दोन इंच उंच आणि कंबर गेलेली. त्यांना गोल्फचं वेड. रविवारी चेंबूरच्या क्लबात जायचे आणि बाकीचे दिवस केबिनमधल्या गालिच्यावर सराव करायचे. काचेचा ग्लास आडवा ठेवायचा आणि लांबून चेंडू हळूच ढकलून त्यात घालायचा. ही शेवटची हळुवार ढकल ज्या काठीने देतात तिला पटर म्हणतात. साहेबांचा पटर पस्तीस इंची होता. त्याच्यापर्यंत पोचायला साहेबांना काटकोनात वाकावं लागे, आणि वाकलं की कंबर ओरडे. कंबर ओरडली की मनगट वळे, चेंडू ग्लासाला वळसा घालून सोफ्याखाली जाई. तो काढायचं काम सितारामचं.

जानेवारीत कंपन्या-कंपन्यांची स्पर्धा होती. लांब पटर परदेशातून मागवायचा तर तीन महिने लागणार होते. साहेब मला म्हणाले, "आशुतोष, तू पर्चेसवाला ना? काढ काहीतरी मार्ग."

मी मार्ग काढला. तुर्भ्याच्या एका फॅब्रिकेटरकडे जाऊन काठीला वरून पाच इंच पाइप जोडून आणला. माझं गणित सरळ होतं. साहेब लांब, तर काठी लांब. साहेबांना वाकावं लागेना हे खरं, पण आता चेंडू नुसता ढकलला तरी ग्लास उडवून भिंतीवर आपटायचा. काठी वाढली तसं तिचं खालचं डोकं जड लागू लागलं आणि झोका हातात राहीना. साहेब माझ्याकडे असे बघायचे की मी फायलीत तोंड घालायचो.

एक दिवस पँट्रीत चहा घेताना सिताराम म्हणाला, "सायब, बोलू का? त्या काठीचं चुकलंय."

"तुला काय कळतं रे गोल्फमधलं?"

"गोल्फमधलं नाय कलत. काठीतलं कलतं." त्याने झाडू उचलला आणि दांड्याच्या अगदी टोकाला धरून हलवला. "असं धरलं का खालचं वजन हाताला वढतं. लांब वल्ह्याचं बी असंच असतं. मंग आमी काय करतो? मूठ जराशी खाली धरतो, वर चार बोटं दांडा मोकला सोडतो, अन् त्या मोकल्या टोकाला भार देतो. वरचा भार खालच्या भाराला धरून ठेवतो. हात मधे नुसता सोबतीला." त्याने झाडू खाली धरला, दांड्याच्या वरच्या टोकाला ओला पोछा गुंडाळला आणि मला दिला. मी हलवून बघितला. खरंच, मघाशी जो झाडू उड्या मारत होता, तो आता शहाण्यासारखा पुढे-मागे जात होता.

"पण किती लांब हवी हे कसं कळणार? साहेबांना माप द्यायला उभं करायचं का तुझ्यापुढे?"

"माप घेतलंय." तो जरा लाजला. "सायब उभं ऱ्हाऊन फोनवर बोलतात तवा डावा हात सैल सोडतात. मनगट टेबलाच्या कडेच्या वर दोन बोटं येतं. टेबल मी रोज पुसतो. त्याची उंची मना ठावं हाय."

मला तेव्हाच त्याला हाताला धरून केबिनमध्ये न्यायला हवं होतं. पण माझ्या डोक्यात दुसरंच शिजत होतं. त्याच आठवड्यात पर्सोनेलच्या कमळाकरने मला सांगितलं होतं की मार्चच्या यादीत ऑफिस अटेंडंटची एक कायम जागा निघतेय. सबनीस साहेबांनी नाव सुचवलं की सही झालीच समजायची.

"सिताराम," मी म्हटलं, "तू एवढं करून दे. साहेब खूश झाले की त्याच दमात तुझं नाव मी त्यांच्या कानावर घालतो. परमनंट."

तो ग्लास विसळत होता. त्याने नळ बंद केला आणि माझ्याकडे वळला. "नक्की सायब? घरी सांगू?"

"सांग की! माझा शब्द आहे."

हा शब्द मी दिला होता. कुणी मागितला नव्हता. हे मला पुढे फार वेळा आठवलं.

सोमवारी तो पटर वर्तमानपत्रात गुंडाळून घेऊन आला. तुर्भ्याच्या पाइपातला इंचभर त्याने कापून टाकला होता. वरच्या पोकळीत वजन भरून मेणाने पक्कं केलं होतं, तोंडाला सागाचं बूच ठोकलं होतं, आणि मी वाशीहून आणून दिलेली रॅकेटची काळी पट्टी मुठीवर इतकी सफाईने गुंडाळली होती की दुकानातलीच वाटावी. हात कुठे धरायचा तिथे एक बारीक दोरा आतून फिरवला होता, बोटाला लागेल पण डोळ्याला दिसणार नाही असा.

"आत काय भरलंस?"

"जाल्याचं शिसं. घरीच व्हतं."

जाळ्याच्या खालच्या कडेला शिशाचे मणी असतात, त्यांच्या वजनाने जाळं पाण्यात तळाला बसतं, हे मला माहीत होतं. ते मणी जाळ्यातून काढले म्हणजे जाळ्याचं काय झालं, हे विचारायचं मला सुचलं नाही. मी पटर नाकाजवळ नेला. मेणाचा वास येत होता आणि त्याच्यामागे अगदी पुसट सुक्या मासळीचा. मी सेंटची बाटली काढून मुठीवर दोन थेंब टाकले. सिताराम बघत होता.

दुपारी केबिनमध्ये साहेबांबरोबर दिल्लीहून आलेले दोन बडे अधिकारी बसले होते. मी साहेबांना पटर दिला, हात कुठे धरायचा ते सांगितलं, जणू ते मीच शोधून काढलं होतं. साहेब उभे राहिले. कंबर जेमतेम झुकली. पहिला चेंडू ग्लासात. दुसरा ग्लासात. लागोपाठ पाच चेंडू गेले, तेव्हा साहेब लहान मुलासारखे हसले.

"अरे, हात थरथरतच नाही! आणि काठी अंगाची वाटते. आशुतोष, कुठून आणलीस?"

त्याच वेळी दार ढकलून सिताराम चहाचा ट्रे घेऊन आत आला. याहून चांगला मुहूर्त मला कुणी काढून दिला नसता. 'सर, ह्याने केली,' तीन शब्द होते. पण समोर दिल्लीचे साहेब, कोपऱ्यात एसी, आणि माझ्या डोळ्यांपुढे आलं ते मासळीचं जाळं. बॉसच्या हातात आपण कोळ्याच्या जाळ्यातलं शिसं दिलं, तेही न विचारता, हे ऐकून ते दोघे काय म्हणतील? माझ्या तोंडून आपसूक निघालं, "दुबईहून, सर. माझा मेहुणा असतो तिकडे. इम्पोर्टेड आहे."

मेहुणा खरंच दुबईत होता. खोटं बोलणाऱ्याला एखादं खरं नेहमी मदतीला धावून येतं.

"वाटलंच मला," साहेब म्हणाले. "आपल्याकडे असलं काम होत नाही. काय सिताराम, बघितलंस? दुबईचा माल!"

सितारामने ट्रे टेबलावर ठेवला. कप एकेक करून सगळ्यांपुढे सरकवले. माझ्यापुढेही. मग म्हणाला, "हां सायब. वजनावरनंच कलतं."

मी तो चहा प्यायलो. गोड होता.

नंतर पँट्रीत जाऊन मी त्याला म्हटलं, "अरे, बाहेरचे लोक होते. वेळ बघून सांगतो." तो म्हणाला, "सांगा की. मार्च लांब हाय." म्हणजे समजूतही त्यानेच माझी घातली.

स्पर्धेत साहेब दुसरे आले. कप टेबलावर चमकू लागला आणि भर मीटिंगमध्ये माझं कौतुक झालं. त्यानंतर तर सांगणं आणखी अवघड झालं. सितारामने केलं म्हणावं तर दुबई खोटी ठरते. दुबईला हात न लावता नुसतं 'सर, सिताराम चांगला माणूस आहे, त्याला घ्या' एवढं तरी म्हणता आलं असतं. तेही मी म्हटलं नाही. साहेबांनी 'तोच का?' असं विचारलं तर माझा चेहरा सगळं सांगून टाकेल, अशी भीती वाटायची. चोराच्या मनात चांदणं, दुसरं काय! क्षिप्राने, माझ्या बायकोने, एकदा विचारलं, "रात्री कूस बदलत का असता?" मी अॅसिडिटी सांगितली.

मार्च आला. ऊन तापलं. पटर साहेबांच्या गाडीच्या डिकीत असायचा, आणि एका रविवारी आतलं मेण पातळ झालं. सोमवारी साहेबांनी मला बोलावलं. कमळाकरही तिथेच होता, हातात यादी घेऊन. साहेबांनी पटर माझ्या कानाशी हलवला. आत खुळखुळ वाजलं.

"तुझ्या दुबईत काठ्यांना घुंगरू बांधतात का रे?" असं म्हणत त्यांनी पेपर कापायच्या सुरीने बूच उचकटलं आणि काठी उलटी केली. टेबलावर, यादीच्या कागदावर, शिशाचे मणी घरंगळले. करडे, ओबडधोबड, मधे भोक असलेले. एकात निळ्या नायलॉनचा तुकडा अजून अडकलेला होता.

"हे काय आहे?"

मी मणी बघत राहिलो. सिताराम पाण्याचे ग्लास घेऊन आला होता. साहेबांनी एक मणी उचलून त्यालाच विचारलं, "सिताराम, तू तर कोळी ना? हे जाळ्याला असतं तसलं दिसतंय."

"हां सायब. जाल्याचं शिसं हाय."

"जाळ्याचं? दुबईच्या काठीत?"

सितारामने माझ्याकडे बघितलं. रागाने बघितलं असतं तर बरं झालं असतं. वादळात सापडलेल्या पोराकडे बघावं तसं त्याने बघितलं आणि तो म्हणाला, "तिकडं बी समिंदर हाय, सायब."

साहेब खो-खो हसले. कमळाकर हसला. मीही हसलो. होय, मीही. साहेबांनी मणी बाजूला सारले आणि हसत हसतच यादीवर सही केली. त्या जागेवर एका डायरेक्टरच्या ड्रायव्हरचा भाचा लागला. मणी माझ्या हातात देऊन साहेब म्हणाले, "हे नीट भरून आण." सिताराम रिकामा ट्रे घेऊन निघून गेला, आणि जाताना त्याने दार नेहमीसारखं हळू मिटून घेतलं.

पटर मी तुर्भ्याला नेला. त्या माणसाने वितळलेलं शिसं ओतून दिलं. साहेब म्हणाले, पहिल्यासारखी मजा नाही. मणी माझ्या खणातच राहिले. एप्रिलमध्ये सितारामचा ब्रेक आला. त्या दिवशी त्याने पँट्रीतले सगळे ग्लास घासून पालथे घातले आणि म्हणाला, "येतो सायब." ब्रेक संपला तरी तो अर्ज घेऊन आला नाही.

खण उघडला की मणी वाजायचे. मी खण उघडणं कमी केलं. शेवटी दिवाळीनंतरच्या एका रविवारी मणी रुमालात बांधले आणि दिवाळ्याला गेलो. माफी मागायची हे ठरवून गेलो होतो. वाक्यंही पाठ केली होती.

तो ओट्यावर बसून जाळं विणत होता. मला बघून उठला, चटई झटकली. "या सायब, या. द्वारका, आमचे सायब आले." त्याची बायको दारात आली, ओल्या हातांनीच तिने नमस्कार केला.

"सिताराम, तुम्ही..." मी सुरू केलं. मी त्याला पहिल्यांदाच 'तुम्ही' म्हणत होतो. तो कुणी मागे उभं आहे का असं बघू लागला, मग हसला.

पाठ केलेलं सगळं विसरलो. रुमाल सोडून पुढे केला. त्याने मणी तळहातावर घेतले, हलवून वजन बघितलं. "आलं का परत दुबईवरनं?" तो म्हणाला. त्याच्या आवाजात कुजकेपणा नव्हता. त्याने मणी बायकोकडे दिले. "ठेव जपून. इम्पोर्टेड हाय."

मला राहवलं नाही. त्याची थट्टाही मला सोसेना. मी त्या बाईंना म्हटलं, "नाही हो वहिनी, दुबईचं नाही. हे तुमच्याच जाळ्यातलं आहे. सितारामांनी काढून दिलं होतं. मी खोटं बोललो. साहेबांना मी खोटं सांगितलं."

जे केबिनमध्ये बोलायचं ते मी दिवाळ्याच्या ओट्यावर बोललो, जिथे त्याचा कुणालाच काही उपयोग नव्हता.

द्वारकाबाईंनी एक मणी उचलला. त्यातला निळा धागा नखाने हळूच ओढून काढला.

"मना ठावं हाय," त्या म्हणाल्या. "ह्ये काढत नव्हते. सासऱ्याचं जालं, नको बोलले. मीच कातर आनून कापलं. मीच ह्यांना बोलले, आता तुमी परमनंट व्हनार, जालं काय करायचं?"

सितारामने मान खाली घातली. मग त्याने त्यांच्या हातातले मणी घेतले, मांडीवरच्या नव्या जाळ्याची कड पुढे ओढली, आणि पहिला मणी ओवला.